श्रेय आणि श्रेयांक

मनामाहून विद्यापीठाच्या सखीर आवारापर्यंत गाडीने साधारण अर्धा तास लागतो. इमारती विरळ होत जातात, वाळूतून गेलेल्या तेलाच्या नळ्या दिसू लागतात, अवाली मागे पडते आणि मोटारशर्यतींच्या सर्किटचा मनोरा लांबून दिसला की उतरायची वेळ जवळ आली असे समजावे. आमची कन्या गेली दोन वर्षे तेथे माहिती तंत्रज्ञान शिकते आहे. पहिल्याच सेमिस्टरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने या रस्त्यावर मला विचारले, "बाबा, आमच्याकडे विद्यार्थ्यांचा एक क्लब आहे, त्यात नाव देऊ का?" मी समोरची नजर न काढता उत्तर दिले, "आधी पहिला निकाल हातात येऊ दे. मग बघू."

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी मला नेमके हेच वाक्य, याच सुरात ऐकवले होते. मी ते मानले नव्हते. कन्येने मात्र मानले आणि तिचे पहिले वर्ष गाडीचा तळ, वर्ग आणि पुन्हा गाडीचा तळ अशा त्रिकोणात गेले. निकाल उत्तम लागला. पण वर्षाच्या शेवटी तिच्या वर्गातल्या किती मुलींची नावे तिला ठाऊक आहेत असे सौ. ने सहज विचारले, तेव्हा ती चारवर येऊन थांबली. मंडळाच्या या अंकासाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला तेव्हा कॉम्प्युटरवरचा एखादा विषय देता आला असता. त्याऐवजी हा विषय घेतला आहे तो त्या "मग बघू"चे प्रायश्चित्त म्हणून.

आपण असे का म्हणतो याचीही कारणे आहेत, ती उगाच नाकारू नयेत. आखातात राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे एक अलिखित पथ्य असते. आपण बरे, आपले काम बरे. व्हिसा नोकरीवर, मुलांचा व्हिसा आपल्यावर, त्यामुळे चार माणसे जमून काही करतात म्हटले की पोटात गोळा येतो. २०११ च्या मार्च महिन्यात सखीरच्या आवारात झालेल्या हाणामाऱ्या आणि नंतर काही काळ बंद राहिलेले वर्ग ज्यांना आठवतात, त्या आईबापांना "कॅम्पस लाइफ" हा शब्द ऐकून उत्साह वाटत नाही यात नवल नाही. दुसरे कारण आपल्या हाडामांसात मुरलेले आहे. आपण सगळे टक्केवारीच्या शिडीने वर आलो. ज्या गोष्टीला गुण नाहीत ती गोष्ट म्हणजे वेळेचा अपव्यय, हा हिशेब आपण कधी तपासून पाहिलेलाच नाही.

सखीरच्या आवाराबद्दल थोडे सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी ते फक्त शर्यतीला जाताना रस्त्यावरून पाहिलेले असते. बहरीन विद्यापीठ १९८६ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र करून निर्माण झाले. एक विद्यापीठ महाविद्यालय, दुसरे गल्फ पॉलिटेक्निक. अभियांत्रिकी इसा टाऊनला राहिली, मुख्य आवार सखीरला आले. येथे विद्यार्थ्यांची निवडून आलेली परिषद असते, विभागवार विद्यार्थी संघटना आणि छंदांचे क्लब असतात, आणि त्यांचे काम पाहायला विद्यार्थी व्यवहारांचे स्वतंत्र अधिष्ठाता असतात. म्हणजे मूल कोठल्यातरी गुप्त मंडळात जाते आहे असा प्रकार नसून सारे काही विद्यापीठाच्या नोंदवहीत असते.

पण आपल्याकडच्या कॉलेजपेक्षा एक फरक फार मोठा आहे. बहुतेक विद्यार्थी संध्याकाळी घरी जातात. पुण्याच्या किंवा सांगलीच्या होस्टेलवर रात्री दोन वाजता खिचडी करताना जी ओळख आपोआप होते, ती येथे होत नाही. जो मुलगा किंवा मुलगी कशात तरी स्वतःहून भाग घेत नाही, त्याच्या वाट्याला आवार म्हणजे केवळ पार्किंगची जागा येते. शिवाय आपली मुले येथे भाषेने आणि नागरिकत्वानेही थोडी बाजूला असतात. एकत्र केलेले काम हाच त्यांना आत जाण्याचा दरवाजा आहे.

मी वडिलांचे ऐकले नाही म्हणालो, त्याची हकिकत अशी. महाराष्ट्रातल्या ज्या अभियांत्रिकी कॉलेजात मी शिकलो (नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्यांना आवडणार नाही) तेथे मी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव दिले. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतून सुरू झाली आणि पहिल्या वर्षी सुमारे ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. हिशेब साधा आहे. वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास समाजोपयोगी काम, आणि त्याच काळात एक खास शिबिर. आमच्या वेळी ते दहा दिवसांचे होते, आता सात दिवसांचे असते. त्याबद्दल प्रमाणपत्र मिळे, आणि निकालात कोठे दोन-चार गुणांनी अडले तर कामी येतील असे दहा वाढीव गुणही.

आता या दहा गुणांनी काय केले ते पाहा. आमच्या तुकडीत शंभर नावे होती. दर शनिवारी हजर असत वीस-पंचवीस. वर्ष संपताना कामाच्या तासांची डायरी भरून द्यावी लागे, आणि ती पुष्कळांनी एका रात्रीत, तीन वेगवेगळ्या रंगांची पेने वापरून भरली. "वृक्षारोपण ४ तास, ग्रामस्वच्छता ६ तास" असे लिहीत लिहीत आमच्या कॉलेजने कागदावर एवढी झाडे लावली की प्रत्यक्षात असती तर इमारत दिसेनाशी झाली असती. सर्वांना सारखेच प्रमाणपत्र मिळाले. मलाही मिळाले. ते आता कोठे आहे मला माहीत नाही.

मात्र शिबिरात आम्ही एका ओढ्यावर दगडमातीचा छोटा बंधारा घातला होता, त्याची एकेक गोष्ट आठवते. दगड कोणी वाहिले, पायाची आखणी करताना कोण चुकले, आणि विशेषतः एक मुलगा, जो दहाही दिवस बंधाऱ्यावर आलाच नाही. तो पहाटे चारला उठून साठ माणसांचा स्वयंपाक गावातल्या दोन बायकांच्या मदतीने करीत असे. समारोपाला पाहुणे आले, बंधाऱ्यावर फोटो निघाला. त्या फोटोत तो नाही. तो त्या वेळी पाहुण्यांच्या पोह्यांना फोडणी देत होता. आम्हा शिबिरार्थींपैकी कोणालाही आज विचारा, त्या शिबिरातले सर्वांत मोठे काम कोणाचे, तर एकच नाव निघेल. कॉलेजच्या दप्तरात मात्र त्याचे आणि रंगीत पेनवाल्यांचे तास सारखेच आहेत.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की विद्यार्थ्यांच्या कामाची कदर न करणे जितके वाईट, तितकेच ती घाऊक भावाने करणे वाईट. कामाचे तास मोजले की मुले तास देतात. काय केले ते विचारले की काम देतात.

महाराष्ट्रात ही गोष्ट फार पूर्वी एका माणसाला कळलेली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजी तेथे आले होते. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि स्वयंपाकापासून शेतापर्यंतची कामे स्वतः करीत. पैसे नव्हते. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले तेही याच "कमवा आणि शिका" तत्त्वावर.

मला त्यातली व्यवस्था अभियंता म्हणून लक्षणीय वाटते. तेथे विद्यार्थ्याचे काम हा अभ्यासाबाहेरचा उपक्रम नव्हता. ते झाले नाही तर रात्री भाकरी नव्हती. त्यामुळे कोणी किती केले हे सांगायला प्रमाणपत्राची गरज पडत नसे, शेजारच्या पंगतीला ते दिसत असे. आजही पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्या नावाने ही योजना चालते. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत तासावर काम करून मुले मानधन मिळवतात. परिस्थितीने गांजलेल्या मुलाला त्या मानधनाचे मोल काय असते हे आपल्यासारख्या पगारदारांनी वेगळे सांगायला नको.

याच्या अगदी उलट उदाहरणही महाराष्ट्राचेच आहे. कॉलेजच्या निवडणुका हिंसक होऊ लागल्या. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद करून नवी पद्धत आणली. आदल्या वर्षीच्या परीक्षेतल्या गुणवत्तेवर प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी घ्यायचा, आणि खेळ, सांस्कृतिक कार्य, सेवा योजना वगैरेंतून काहींना प्राचार्यांनी नेमायचे. मी त्याच पद्धतीत शिकलो. आमचा वर्गप्रतिनिधी गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवणारा, स्वभावाने अत्यंत सज्जन आणि चारचौघांत तोंड उघडायला घाबरणारा. होस्टेलच्या पाण्याची तक्रार घेऊन जायची वेळ आली की तो आम्हालाच म्हणे, "तुम्ही जा ना रे." दंगे थांबले हे खरे, आणि तेही काही थोडके नाही. पण परीक्षेचे गुण एका कामासाठी असतात, ते दुसऱ्याच कामाचे बक्षीस म्हणून वापरले तर दोन्ही कामांचा अपमान होतो. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली, तरी २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुकाही पुढे ढकलल्या गेल्या.

मग कदर करावी कशी? पुण्याच्या वाचकांना पुरुषोत्तम करंडकाबद्दल सांगणे म्हणजे काशीला जाऊन गंगेची माहिती देण्यासारखे आहे, पण येथे जन्मलेल्या मुलांसाठी सांगतो. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून महाविद्यालयांची ही एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात ती रंगते. मुले नाटक बसवतात, दिवे लावतात, पडदे ओढतात, आणि प्रेक्षागृहातली मुले नाटकाइक्याच जोराने घोषणा देतात. मराठी रंगभूमीवरची कितीतरी माणसे या रंगमंचावरून पुढे गेली. २०२२ मध्ये येथे एक गोष्ट घडली. परीक्षकांनी त्या वर्षी करंडक कोणत्याच संघाला दिला नाही, अपेक्षित दर्जा गाठला गेला नाही म्हणून. मोठी चर्चा झाली, मुलांच्या कष्टांवर अन्याय झाला असे म्हणणारे होते, करंडकाची शान राखली म्हणणारे होते. दोन महिने रात्री जागवलेल्या पोरांना रिकाम्या हाताने परत पाठवणे मला काही सोपे वाटत नाही. तरीही माझे मत परीक्षकांच्या बाजूचे आहे. ज्यांनी मुलांचे काम डोळे उघडून पाहिले असेल तेच असे करू शकतात. आमच्या कॉलेजात आमच्या डायऱ्या कोणी वाचल्या असत्या, तर आमच्यापैकी निम्म्यांना प्रमाणपत्र मिळाले नसते, आणि उरलेल्यांनी ते जपून ठेवले असते.

आमच्या धंद्यात यावर एक चांगली पद्धत आहे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेखातर लिहिलेली एक प्रणाली लोकांना खुली केली. तीच आज लिनक्स म्हणून जगभरच्या यंत्रांत चालते. अनेक देशांतल्या लोकांनी, त्यांत कितीतरी विद्यार्थी, त्यात भर घातली. तिच्याबरोबर 'क्रेडिट्स' नावाची एक साधी फाइल येते. प्रत्येक माणसाचे नाव, त्याचा पत्ता, आणि एका ओळीत त्याने काय केले ते. पदव्या नाहीत, हुद्दे नाहीत, आभाराची विशेषणे नाहीत. अमक्याने अमुक यंत्राचा ड्रायव्हर लिहिला, तमक्याने अमुक दोष काढला, एवढेच. आणि ही यादी अपुरी असू शकते अशी कबुलीही आरंभीच दिलेली आहे. पीएच.डी. करीत असताना ती फाइल मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला पोह्यांना फोडणी देणारा आमचा गडी आठवला. या फाइलीत त्याची ओळ असती.

आता पालकांच्या मनातला प्रश्न, की याचा पुढे उपयोग काय. मी गेली काही वर्षे नोकरीसाठी येणाऱ्या नव्या पदवीधरांच्या मुलाखती घेतो. "क्लबचा सदस्य", "महोत्सवात स्वयंसेवक" अशा ओळी प्रत्येकाच्या अर्जात असतात आणि कोणी त्या वाचत नाही. पण एखादा म्हणतो, स्पर्धेला तीनशे मुले आली, नावनोंदणीची यादी ऐनवेळी बंद पडली, मग मी कागदावर कसे निभावले. तेव्हा समोर बसलेले तिघेही पेन खाली ठेवून ऐकू लागतात. बहरीन विद्यापीठाच्या अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांना अमेरिकेतल्या 'अबेट' या संस्थेची मान्यता आहे. तिच्या निकषांत विद्यार्थ्याला इतरांबरोबर संघात काम करता आले पाहिजे ही अट स्पष्ट लिहिलेली आहे. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत पदवीबरोबर एक विस्तृत अहवाल देतात, ज्यात विद्यार्थ्याने अभ्यासाबाहेर केलेले काम विद्यापीठाने पडताळून नोंदवलेले असते. आपल्याकडेही २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर सेवा योजना, क्रीडा, कला यांना श्रेयांक मिळू लागले आहेत, हे बारावीनंतर मुलांना महाराष्ट्रात पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. चांगली गोष्ट आहे. फक्त श्रेयांक आले की पाठोपाठ तीन रंगांची पेने येतात, हेही लक्षात ठेवावे.

मुलांना मी सांगेन की पहिल्या सेमिस्टरलाच जा, पण एकाच ठिकाणी जा. पाच क्लबांची टोप्या-टीशर्टे गोळा करण्यापेक्षा एका ठिकाणचे एक कंटाळवाणे काम अंगावर घ्या. हिशेब ठेवणे, खोली मिळवण्याचे अर्ज, पाहुण्यांना आणणे-पोचवणे. ही कामे नेहमी रिकामी असतात. काय केले ते तारखेसह एका वहीत टिपून ठेवा, आणि शिफारसपत्र मागायचे तर ज्यांनी ते काम पाहिले त्यांच्याकडेच मागा. विभागप्रमुखांची सही मोठी असली तरी त्यांना लिहायला काही नसते. आणि अभ्यास सुटतो आहे असे दिसले तर सोडा, त्यात कमीपणा नाही. परीक्षेच्या आठवड्यात मांडव घालणाऱ्यांचे कौतुक मी करणार नाही, शेवटी मीही बापच आहे.

पण मुलांना सांगताना आपले आपणही पाहावे. मागच्या गणेशोत्सवात आमच्या कन्येने आणि तिच्याबरोबरच्या पाच-सहा मुलामुलींनी प्रवेशपत्रिकांची नोंदणी, ध्वनियंत्रणा आणि लहान मुलांच्या कार्यक्रमाची सगळी जुळवाजुळव केली. सुट्टीत भारतातून आलेला एक मुलगा विमानतळावरून थेट सभागृहात येऊन केबल टाकीत बसला होता. उत्सवानंतर स्मरणिका हाती आली. जाहिरातदारांची नावे ठळक, कार्यकारिणीची छायाचित्रांसह, आमचेही नाव "तांत्रिक सल्लागार" म्हणून छापलेले, वास्तविक मी एकदा फोनवर "प्लग काढून परत लावून बघा" एवढेच म्हणालो होतो. आणि शेवटच्या ओळीत, "तसेच आमचे सर्व बालगोपाळ". या बालगोपाळांपैकी दोघांना गाडी चालवण्याचा परवाना आहे आणि एकाला मतदानाचा हक्क.

कन्या काही बोलली नाही. स्मरणिका चाळून तिने टेबलावर ठेवली. दुसऱ्या वर्षाला आल्यावर तिने सखीरच्या त्या क्लबात, मला न विचारता, नाव दिले. तेथे ती काय करते ते मला फारसे कळत नाही, पण तिच्या फोनमध्ये आता चाराहून पुष्कळ जास्त नावे आहेत आणि त्यांतल्या निम्म्या नावांचे उच्चार ती मला दुरुस्त करून देते. यंदा मंडळाने मदत मागितली तेव्हा ती हो म्हणाली, पण स्मरणिकेतली एक पान जागा मागून घेतली. पानाचा आराखडा तिनेच केला आहे. डावीकडे नाव, उजवीकडे एका ओळीत काम. मी तिला ती लिनक्सची फाइल दाखवली होती हे कबूल करतो.

पहिली यादी परवा तयार झाली. तीत सव्वीस नावे आहेत. "खुर्च्या मोजून परत केल्या, सात कमी निघाल्या, पाच सापडल्या" अशी एक ओळ आहे. तांत्रिक सल्लागाराचे नाव नाही. वर बारीक टाइपात लिहिले आहे की यादी अपुरी असण्याचा संभव आहे. तेव्हा ज्या पालकांच्या मुलांनी यंदा काम केले आणि ज्यांची नावे राहिली असतील, त्यांनी ती कार्यकारिणीकडे पाठवावीत. काय केले ते एका ओळीत लिहावे. नुसते नाव आले तर आमची कन्या ते परत पाठवते, मी पाहिले आहे.